ह्वांग जांग-ली आणि त्याचे स्वस्तातले कुंग-फू चित्रपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्वांग जांग-ली म्हणजे नेमका कोण?

‘ड्रंकन मास्टर’ पाहिला असेल, तर शेवटी जॅकी चॅनला लाथांनी तुडवणारा मिशीवाला मारेकरी आठवा. तोच हा. जन्म १९४४ चा, जपानमध्ये, कोरियन आईवडिलांच्या पोटी. पुढे कुटुंब कोरियात परतलं आणि चौदाव्या वर्षाच्या आसपास त्यानं तायक्वांदो शिकायला सुरुवात केली. तरुणपणी तो कोरियन सैन्यात तायक्वांदो शिकवायचा. व्हिएतनाम युद्धात दक्षिण कोरियानं मोठी फौज पाठवली होती, त्या काळात तिथंही त्यानं सैनिकांना धडे दिले. म्हणजे आधी शिक्षक आणि मग नट, हा त्याचा क्रम. पडद्यावर त्याला बघताना हे जाणवतं. तो लाथ मारतो तेव्हा समोरच्यासाठी मारतो, कॅमेऱ्यासाठी नाही.

त्याचं नाव प्रत्येक चित्रपटाच्या श्रेयनामावलीत वेगळं लिहिलेलं असतं. शोधताना ह्वांग जॉंग-री, वोंग चिंग-लेई अशी रूपंही बघा, नाहीतर निम्मे चित्रपट हातातून निसटतील.

इतका भारी होता, तर त्याचं नाव कुणाला माहीत का नाही?

कारण तो हरायचा. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढची आठ-दहा वर्षं हाँगकाँगच्या लहान-मोठ्या निर्मात्यांनी त्याला घेतलं ते बहुतेक वेळा खलनायक म्हणून, आणि खलनायकाला शेवटच्या रिळात मरावंच लागतं. पोस्टरवर जिंकणाऱ्याचा चेहरा मोठा छापला जातो. शिवाय तो हाँगकाँगचा नव्हता, भाषा तिथली नव्हती, तिथल्या मासिकांत मुलाखती देत फिरणारा नव्हता.

पण मारामारीच्या चित्रपटात खलनायक कच्चा असला, तर नायकाच्या विजयाला काही किंमत उरत नाही. निळू फुले पडद्यावर आले की थिएटरमधल्या बायाबापड्या शिव्या घालायच्या, आणि त्या शिव्यांवरच समोरच्या नायकाचं मोठेपण उभं राहायचं. ह्वांगचं काम त्याच जातीचं आहे. तो पहिल्या पंधरा मिनिटांत एखाद्या वस्तादाला असा मारतो की पुढचा दीड तास आपल्या मनात एकच प्रश्न राहतो: या माणसाला हरवणार तरी कसं? त्या प्रश्नावर अख्खा चित्रपट चालतो. मग त्याला दुय्यम नट म्हणणं मला तरी पटत नाही.

त्याच्या लाथांत एवढं वेगळं काय आहे?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

लाथ मारायची म्हणजे आधी गुडघा वर घ्यायचा, मग पोटरी झटकून सोडायची आणि पाय परत गुडघ्यापाशी आणायचा. बहुतेक नट पहिल्या दोन पायऱ्या करतात आणि तिसरी सोडून देतात. लाथ मारून झाली की पाय धपकन खाली येतो, तोल जातो, आणि तिथंच शॉट कापला जातो. ह्वांगचा पाय परत येतो. गुडघा वरच राहतो, आणि त्याच गुडघ्यावरून दुसरी लाथ सुटते, तिसरी सुटते. एकाच पायानं चेहऱ्यावर, बरगडीवर, पुन्हा चेहऱ्यावर, आणि तोवर पाय जमिनीला लागलेला नसतो. ते करताना त्याच्या दुसऱ्या पायाकडे, म्हणजे उभ्या पायाकडे, बघा. टाच फिरते, चवडा जमिनीला धरून राहतो, आणि कमरेवरचं धड जवळजवळ सरळ असतं. धड मागं न टाकता इतक्या उंच लाथ मारायला खुबे किती सुटे लागतात, हे तायक्वांदोचा क्लास केलेल्या कुणालाही विचारा.

त्याची दुसरी खासियत म्हणजे उडी. एकदा हवेत गेला की खाली यायच्या आत दोन, कधी तीन लाथा. हे तारा बांधून केलेलं नाही. तेवढा खटाटोप करायला त्या निर्मात्यांकडे ना पैसा होता, ना वेळ. बऱ्याचदा ही उडी एका अखंड शॉटमध्ये, लांबून, पूर्ण अंग दिसेल अशी टिपलेली आहे. समोरचा माणूस छातीवर एकामागून एक फटके खात मागं जातो आणि हा अलगद उतरतो.

तिसरी गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते: तो थांबतो. दोन हल्ल्यांच्या मध्ये तो स्थिर उभा राहतो, हात मागं, हनुवटी किंचित वर. चेहऱ्यावर राग नसतो. समोरचा नायक धापा टाकत फिरत असतो, आणि हा नुसता बघत असतो. त्या शांतपणामुळे पुढची लाथ येण्याआधीच आपल्या पोटात गोळा येतो.

हे चित्रपट ‘स्वस्तातले’ म्हणजे कसे?

त्या काळी हाँगकाँगमध्ये शॉ ब्रदर्स आणि गोल्डन हार्वेस्ट या दोन मोठ्या कंपन्या होत्या. शॉंकडे स्वतःची वसाहत, कायमचे सेट, पगारी नट. बाकी सगळे स्वतंत्र निर्माते. त्यांच्याकडे एक कॅमेरा, थोडी माणसं आणि भाड्याचे कपडे. ह्वांगचे बहुतेक चित्रपट या दुसऱ्या वर्गातले. त्यातही त्याचं नशीब ज्याच्याशी बांधलं गेलं तो एंग सी-युएन हा शॉंच्या कंपनीतून बाहेर पडलेला माणूस. त्यानं सीझनल नावाची छोटी कंपनी काढली आणि १९७६ मध्ये ‘सिक्रेट रायव्हल्स’ केला, तोही कोरियात जाऊन.

कोरियात का, याची कारणं व्यवहाराची होती. हाँगकाँगमध्ये बर्फ नाही, मोकळं माळरान कमी आणि जुने लाकडी राजवाडे जवळजवळ नाहीतच. कोरियात हे सगळं होतं, आणि मजुरी स्वस्त. शिवाय कोरियन बाजूलाही गरज होती. तिथल्या चित्रपट कायद्यानुसार साठच्या दशकापासून ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत परदेशी चित्रपट आयात करायचा परवाना हवा, तर कंपनीला देशी चित्रपट काढून दाखवावे लागत. खरा नफा परदेशी चित्रपटात होता. त्यामुळे देशी चित्रपट झटपट आणि स्वस्तात उरकायचे, किंवा हाँगकाँगशी ‘सहनिर्मिती’ दाखवायची, अशी रीत पडली. कधीकधी ती सहनिर्मिती फक्त कागदावरच असायची. या सगळ्या घाईगर्दीतून कोरियन लढवय्यांची एक अख्खी पिढी हाँगकाँगच्या पडद्यावर आली.

ज्यांना या चित्रपटांतली देवळं आणि डोंगर आवडतात त्यांच्यासाठी सांगतो: किंग हू या थोर दिग्दर्शकानंही सत्तरच्या दशकाच्या शेवटी कोरियात चित्रीकरण केलं, तेही बुलगुक्सासारख्या प्राचीन बौद्ध मंदिरात. त्यामुळे ही जागा फक्त गरिबांनी शोधलेली होती असं नाही.

पैसा कमी असल्यानं मारामारी चांगली होते, हे जरा अतीच नाही का?

सरसकट तसं होत नाही. पैसा कमी असला की बऱ्याच गोष्टी वाईटच होतात: प्रकाशयोजना, केशभूषा, कथा, सगळंच. पण नेमकं मारामारीच्या बाबतीत काही गोष्टी उलट्या घडतात.

सेट बांधायला पैसे नाहीत म्हणून क्लायमॅक्स उघड्यावर होतो. उघड्यावर झाला की कॅमेरा मागं जाऊ शकतो. कॅमेरा मागं गेला की डोक्यापासून पायापर्यंत दोन्ही माणसं एकाच चौकटीत मावतात. आणि एकदा दोघं पूर्ण दिसायला लागले की खोटं करायला जागाच उरत नाही. लाथ लागली की नाही, किती अंतरावरून गेली, मारणाऱ्याचा तोल राहिला की नाही, सगळं आपल्या डोळ्यांपुढं. आजच्या मोठ्या चित्रपटांत एका ठोशाचे चार तुकडे करतात: मूठ, चेहरा, पुन्हा मूठ, पडणारा माणूस. कारण नट लढवय्या नसतो, आणि ते झाकावं लागतं. ह्वांगच्या चित्रपटांत झाकायचं काही नव्हतं. पडद्यावर घालायला त्या निर्मात्यांकडे फक्त अंगाची कसरत होती, आणि ती त्यांनी सढळ हातानं घातली.

याची किंमतही होती. गाद्या नीट नाहीत, विमा नाही, ऊन-थंडीत दिवसभर तेच डाव पुन्हा पुन्हा. ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’च्या चित्रीकरणात ह्वांगची लाथ लागून जॅकी चॅनचा दात गेला, असं सांगितलं जातं. हे चित्रपट आवडतात म्हणून त्या माणसांचे हाल गोड मानून घ्यायचं कारण नाही.

सुरुवात कुठल्या चित्रपटापासून करावी?

‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’, १९७८. कथा साधी: एका आखाड्यात सगळ्यांचा मार खाणारा अनाथ पोरगा, त्याला भेटलेला भिकाऱ्याच्या वेशातला म्हातारा वस्ताद, आणि त्या वस्तादाच्या सर्प-शैलीचा निर्वंश करायला निघालेला गरुड-पंजाचा उस्ताद, म्हणजे ह्वांग. पोरग्याला मांजर आणि नागाच्या झुंजीतून स्वतःचा डाव सुचतो. युएन वू-पिंगचं हे पहिलंच दिग्दर्शन. वीसेक वर्षांनी ‘मेट्रिक्स’च्या मारामाऱ्या बसवणारा हाच.

या चित्रपटापासून सुरुवात करायला मी सांगतो ते एका खास कारणासाठी. ह्वांग फक्त पायांचा माणूस आहे असा समज आहे, आणि इथं तो हातांनी खेळतो. बोटं आकड्यासारखी वळवून तो समोरच्याचं मनगट धरतो, पिळतो, गळ्याकडे जातो, आणि तिकडे लक्ष गेलं की खालून पाय येतो. हात आणि पाय यांची ही सांगड एकदा लक्षात आली की त्याचे बाकीचे चित्रपट जास्त कळतात.

‘ड्रंकन मास्टर’ तर जॅकीचा चित्रपट. त्यात ह्वांगचं काय?

जॅकीचाच आहे, यात वाद नाही. तेव्हा जॅकी लो वेई या निर्मात्याच्या करारात अडकलेला होता, त्याचे चित्रपट चालत नव्हते, आणि सीझनलला तो उसना मिळाला. १९७८ च्या एकाच वर्षात आधी ‘स्नेक’ आणि मग ‘ड्रंकन मास्टर’ आले आणि त्याचं आयुष्य बदललं. दोन्हींत समोर ह्वांग होता, हा योगायोग नव्हे.

‘ड्रंकन मास्टर’ पुन्हा बघा, पण यावेळी मधला एक प्रसंग नीट बघा. वोंग फेइ-हुंग, म्हणजे जॅकी, कडक वस्तादाच्या तालमीला कंटाळून पळून आलेला असतो. एका झोपडीवजा जागेत त्याची गाठ या अनोळखी माणसाशी पडते. पोरगा तोऱ्यात असतो. ह्वांग त्याला मारतो, पण जीव घेत नाही. जीव घेण्याच्याही लायकीचा नाही अशा थाटात मारतो. त्याच्या कपड्यांची राख करून त्याला अर्धनग्न पळवून लावतो. तोवर आपण हसत होतो. इथं हसू थांबतं. ज्या चित्रपटाला सगळे विनोदी म्हणतात, त्याचा कणा हा अपमान आहे. त्यानंतर पोरगा मुकाट्यानं वस्तादाकडे परततो आणि खरी तालीम सुरू होते.

शेवटची लढत बघताना एक करा. जॅकीकडे बघू नका, फक्त ह्वांगकडे बघा. मद्यधुंद शैलीच्या आठ डावांपैकी प्रत्येक नवा डाव आला की हा आधी गोंधळतो, मग समजून घेतो, मग त्याचं उत्तर काढतो. हा बदल तो चेहऱ्यानं कमी आणि अंतरानं जास्त दाखवतो: एक पाऊल मागं, अर्धं पाऊल पुढं. आठवा डाव जॅकीनं शिकायचाच टाळलेला असतो, तिथं त्याला स्वतःच्या डोक्यानं काही रचावं लागतं. त्या रचनेला धार येते, कारण त्याआधीच्या सातांवर ह्वांगनं उत्तर शोधलेलं आपण पाहिलेलं असतं.

‘सिक्रेट रायव्हल्स’ची एवढी चर्चा का होते?

कारण ह्वांगचं पडद्यावरचं रूप तिथं ठरलं. पांढरे लांब केस, पांढऱ्या मिश्या, थंड नजर, टोपणनाव ‘सिल्व्हर फॉक्स’. तेव्हा तो जेमतेम बत्तिशीचा होता, आणि म्हाताऱ्याच्या विगमध्ये तरुण माणसाच्या लाथा मारत होता. समोर दोन नायक: मुठीनं लढणारा वांग ताओ आणि पायानं लढणारा जॉन ल्यू. पोरकेपणाचा सूड घ्यायला आलेला एक, चोरीच्या सोन्याचा माग काढणारा दुसरा. दोघं मिळून एकाशी भिडतात आणि तरीही बराच वेळ पारडं खलनायकाकडेच झुकलेलं राहतं.

जॉन ल्यूसुद्धा लाथांचाच बादशहा. त्याचा पाय वर जाऊन तिथंच थांबतो, ह्वांगचा पाय वर जाऊन सपकन आदळतो. एकाच्या लाथेत लवचीकपणा, दुसऱ्याच्या लाथेत वजन. हा फरक शेजारी शेजारी बघायला मिळतो, म्हणून या जोडीचे चित्रपट मला एकेकट्याच्या चित्रपटांपेक्षा जास्त आवडतात. पुढच्या वर्षी दुसरा भाग आला. त्यात ह्वांगनं ‘गोल्ड फॉक्स’ म्हणजे मेलेल्या खलनायकाचा भाऊ रंगवला. निर्मात्याला दुसरा तोडीचा माणूस मिळाला नाही, हे यातून उघडच आहे.

याच वर्षीचा, १९७७ चा, ‘इन्व्हिन्सिबल आर्मर’ही सोडू नका. त्यात ह्वांगनं अंग लोखंडासारखं करून घेतलेलं असतं, आणि नायकाला त्या अंगातली कच्ची जागा शोधायची असते. कथानक या सगळ्या चित्रपटांत त्यातल्या त्यात घट्ट विणलेलं. खोट्या खुनाचा आळ, पाठलाग, दरबारी कट. ज्यांना नुसती मारामारी पुरत नाही त्यांनी हा आधी पाहिला तरी चालेल.

त्यानं कधी नायक म्हणून काम केलं का?

केलं. १९८१ मध्ये ‘हिटमॅन इन द हँड ऑफ बुद्धा’ त्यानं स्वतःच दिग्दर्शित केला आणि त्यात नायकही तोच. चित्रपटाची बांधणी सैल आहे, विनोद लांबतो, मधला भाग रेंगाळतो. तरीही बघावाच, कारण इतकी वर्षं दुसऱ्यांना जिंकवणाऱ्या माणसाला इथं मार खाऊन, शिकून, परत उभं राहायला मिळतं. तो शिकाऊ म्हणून धडपडतो तेव्हा त्याचा नेहमीचा ताठा गळून पडतो, आणि एक साधा, जरासा बुजरा माणूस समोर येतो.

इंग्रजी डबिंग ऐकवत नाही. काय करावं?

मूळ चिनी आवाज आणि उपशीर्षकं असलेली प्रत मिळाली तर तीच बघा. पण ‘मूळ’ आवाज म्हणजे ह्वांगचा आवाज, असं मात्र समजू नका. त्या काळी हे चित्रपट आवाजाविना चित्रित व्हायचे आणि संवाद नंतर स्टुडिओत भरले जायचे. सेटवर कोरियन नट कोरियन बोले, हाँगकाँगचा आपल्या भाषेत बोले, आणि शेवटी तिसराच माणूस दोघांचेही संवाद म्हणे. म्हणून ओठ आणि शब्द कुठल्याच भाषेत पूर्ण जुळत नाहीत.

संगीताचीही हीच गत. परवानगीबिरवानगी न घेता बाहेरच्या रेकॉर्डी सर्रास वापरल्या जात. ‘स्नेक’मध्ये फ्रेंच संगीतकार जाँ-मिशेल जार याचं ‘ऑक्सिजेन’ ऐकू येतं. हक्काच्या दृष्टीनं ते चुकीचंच, पण त्या थंडगार इलेक्ट्रॉनिक सुरांवर ह्वांगचा गरुड-पंजा बघणं हा अनुभव विसरता येत नाही.

जुनी प्रत बघितली तर काय बिघडतं?

खूप काही. हे चित्रपट रुंद पडद्यासाठी, म्हणजे २.३५ ला १ अशा प्रमाणात टिपलेले आहेत. कॅसेटसाठी ते जुन्या टीव्हीच्या ४ ला ३ चौकटीत बसवले, तेव्हा चित्राचा जवळजवळ ४३ टक्के भाग कापला गेला. आता विचार करा, लांब पायांचा माणूस आडवी लाथ मारतोय. मांडी चौकटीत आहे, पाऊल बाहेर. किंवा पाऊल आहे, पण ज्याला लागलं तो बाहेर. आपल्याकडे व्हिडिओ लायब्ररीच्या आणि केबलच्या जमान्यात ज्यांनी हे चित्रपट पाहिले त्यांनी या अर्धवट लाथाच पाहिल्या, आणि ‘ठीक आहे’ म्हणून सोडून दिल्या. त्यांच्या मतात दोष नाही, त्यांना दाखवलं गेलं त्यातच दोष आहे.

आता यातल्या बऱ्याच चित्रपटांच्या नीट साफ केलेल्या रुंद प्रती निघाल्या आहेत. ब्रिटनमधल्या युरेका या कंपनीनं ‘ड्रंकन मास्टर’ची चांगली ब्लू-रे काढली आहे. मिळेल तिथून रुंद प्रत मिळवा, थोडं थांबावं लागलं तरी थांबा.

मारामारी फास्ट फिरवलेली असते का?

काही ठिकाणी, हो. कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी २२ किंवा २० फ्रेमनं चालवायचा, म्हणजे पडद्यावर हालचाल जलद दिसते. ही त्या धंद्यातली सर्रास पद्धत होती. ओळखायचं असेल तर माणसांकडे न बघता कपड्यांच्या टोकांकडे, उडणाऱ्या धुळीकडे बघा. धूळ गरजेपेक्षा लवकर खाली बसत असेल, तर वेग वाढवलेला आहे. पण वेग वाढवून तोल येत नाही, आणि पाय परत गुडघ्याशी येत नाही. १९८२ मध्ये ह्वांगच्या लाथांवरच एक माहितीपट निघाला, ‘द आर्ट ऑफ हाय इम्पॅक्ट किकिंग’. त्यात तो साध्या जागेत प्रात्यक्षिकं देतो. शंका असेल तर तो बघा.

कुठल्या चित्रपटांपासून लांब राहावं?

पोस्टरवर त्याचं नाव मोठ्ठं आणि आत पाच मिनिटांचं काम, असे चित्रपट भरपूर आहेत. ऐंशीच्या दशकात काही निर्मात्यांनी कोरियन आणि तैवानी चित्रपट पडेल भावात विकत घेतले, त्यात नव्यानं चित्रित केलेले निन्जांचे प्रसंग घुसडले, नाव बदललं आणि इंग्रजीत डब करून जगभर विकले. गॉडफ्रे हो आणि जोसेफ लाय ही नावं दिसली की सावध राहा. काहींना ही गोधडी मजेची वाटते, पण त्या ठिगळांखाली कुणीतरी मेहनतीनं केलेला मूळ चित्रपट गाडला गेलेला असतो, याचं मला वाईट वाटतं.

१९८१ चा ‘टॉवर ऑफ डेथ’ मात्र या यादीत टाकू नका. ब्रूस लीच्या जुन्या तुकड्यांवर उभारलेला तो व्यवहार कुणालाही खटकेल असाच आहे, पण उत्तरार्धात ह्वांग आणि किम ताय-चुंग या दोन कोरियनांची लढत आहे, आणि ती अस्सल आहे.

कथा फारच कच्च्या असतात. तरीही बघायचं?

कथा कच्ची असते, हे मान्य. बापाचा खून, सूड, वस्ताद, तालीम, शेवटची लढत. बहुतेकांचा सांगाडा हाच. पण लावणीत किंवा तमाशातल्या गणगौळणीत पुढं काय होणार हे ठाऊक असूनही आपण बसतोच ना? आपण तिथं बसतो ते गाणाऱ्याच्या गळ्यासाठी. इथं पायांसाठी बसायचं. कंटाळा आलाच, तर मधला विनोदाचा भाग पुढं ढकला, पण तालमीचे प्रसंग ढकलू नका. शेवटच्या लढतीत कुठला डाव कुठून आला, हे त्या तालमीतच सांगितलेलं असतं.

मुलांबरोबर बघता येतील का?

‘स्नेक’ आणि ‘ड्रंकन मास्टर’ दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर बसून बघायला हरकत नाही. दुसऱ्यात दारू पिऊन लढणं आहे, त्यावर बोलावं लागेल. बाकीचे आधी स्वतः बघा.

हे बघून तायक्वांदो शिकावंसं वाटलं, तर?

जरूर शिका. आपल्याकडे आता लहान शहरांतही क्लास आहेत. फक्त एक लक्षात ठेवा. आज शिकवला जातो तो बराचसा स्पर्धेचा तायक्वांदो. १९७३ मध्ये जागतिक संघटना स्थापन झाली, १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक झालं, २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून पदकं सुरू झाली, आणि नियमांप्रमाणे शैली बदलत गेली. ह्वांग त्याच्या कितीतरी आधी शिकला, जेव्हा वेगवेगळ्या आखाड्यांना एका नावाखाली आणण्याचं काम चालू होतं आणि शिकवण्यामागं सैन्याची गरज होती. त्याच्या लाथांमधला जड, आरपार जाणारा जोर आजच्या गुण मिळवणाऱ्या झटपट लाथांत तसा दिसणार नाही. क्लासमध्ये पहिल्याच महिन्यात त्याच्यासारखी उंच लाथ मारायला जाऊ नका, मांडीचा स्नायू दुखावतो आणि बरा व्हायला फार वेळ घेतो.

ह्वांग आवडला. आता आणखी कुणाला बघू?

कोरियातून आलेले बाकीचे लढवय्येही तितकेच दुर्लक्षित आहेत. ह्वांग इन-शिक आधी घ्या. नाव सारखं, माणूस वेगळा, आणि कला हापकिडो, म्हणजे कोरियाचीच आणखी एक युद्धकला. ब्रूस लीच्या ‘वे ऑफ द ड्रॅगन’मध्ये तो थोडा वेळ दिसतो, पण १९८० च्या ‘द यंग मास्टर’च्या शेवटी तो जॅकी चॅनला ज्या तऱ्हेनं उचलून, पिळून, आपटून काढतो ते बघताना आपलेच सांधे दुखायला लागतात. ती लढत लांबलचक आहे आणि तिची लांबी सार्थकी लागते.

कॅसानोव्हा वोंग म्हणून ओळखला जाणारा किम योंग-हो १९७८ च्या ‘वॉरिअर्स टू’मध्ये नायक आहे. दिग्दर्शक सामो हुंगनं त्याच्याकडून चक्क विंग चुन, म्हणजे हातांची शैली, करून घेतली आणि मग योग्य क्षणी त्याचे पाय मोकळे सोडले. त्याची हवेतली गिरकी बघण्यासारखी आहे.

किम ताय-चुंगचं वर आलंच. ब्रूस लीचा डमी हीच त्याची ओळख राहिली, तो २०११ मध्ये गेला. आणि मग ड्रॅगन ली. ब्रूस ली १९७३ मध्ये गेल्यावर त्याच्यासारखे दिसणारे जे अनेक नट बाजारात आले, त्यातला हा कोरियन गडी. अंग पिळदार, हावभाव भडक, चित्रपट बहुतेक अगदीच स्वस्तातले. त्याच्याकडे सगळ्यांत शेवटी जा, आधीचे चार-पाच पचल्यावर, आणि रात्री मित्रांबरोबर बघा.